थांबलेल्या पाण्याचा हिशेब

पावसाळा सुरू झाला की महाराष्ट्रातील वर्तमानपत्रे धरणांची मोजदाद टीएमसीमध्ये, म्हणजे अब्ज घनफुटांमध्ये करू लागतात आणि कोयनेचा साठा १०५ टीएमसीच्या जवळ आला की पाटण-कराडपासून सांगलीपर्यंतच्या नदीकाठाचे लक्ष त्या आकड्याकडे लागते. सिंचनाच्या आणि पुराच्या दृष्टीने हा आकडा मोलाचा असला तरी धरणाची भिंत किती जाड असावी, या प्रश्नाच्या उत्तरात त्याला काहीच स्थान नाही. भिंतीवर येणारा दाब पाण्याच्या एकूण साठ्यावर अवलंबून नसून केवळ तिच्यालगत उभ्या असलेल्या पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. कोयनेचा जलाशय डोंगरदऱ्यांतून मैलोगणती पसरण्याऐवजी भिंतीमागे अवघा दहा मीटर लांब असता, तरी तेवढ्याच खोलीच्या स्थिर पाण्याने भिंतीला तेवढेच ढकलले असते. ही गोष्ट सहजबुद्धीला पटत नाही, म्हणूनच तिला जलस्थितिशास्त्रातील, म्हणजे स्थिर पाण्याच्या बलांचा विचार करणाऱ्या शास्त्रातील, विरोधाभास म्हटले जाते. फ्लँडर्समध्ये जन्मलेल्या सिमॉन स्टेविन या गणितज्ञ-अभियंत्याने १५८६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ती प्रथम नीट मांडली.

दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर पडणारे बल. स्थिर पाण्यातील कोणत्याही बिंदूवरचा दाब हा त्या बिंदूच्या वर असलेल्या पाण्याच्या स्तंभाच्या वजनाइतका असतो आणि एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन असल्यामुळे हिशेब फारच सोपा होतो: एक मीटर खोलीवर दर चौरस मीटरला एक टन, दहा मीटरवर दहा टन, शंभर मीटरवर शंभर टन. अभियांत्रिकीची पाठ्यपुस्तके हेच किलोन्यूटनमध्ये मांडतात आणि दर मीटर खोलीला ९.८१ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर असा दर धरतात. सामान्य वाचकाला टनाचे माप जवळचे वाटेल म्हणून येथे तेच वापरले आहे. वातावरणाचाही दाब असतो आणि तो दर चौरस मीटरला सुमारे १०.३ टन इतका, म्हणजे दहा मीटर पाण्याहून थोडा जास्तच भरतो. परंतु भिंतीच्या पाण्याकडच्या आणि कोरड्या अशा दोन्ही बाजूंनी तो सारखाच असल्याने परस्पर वजा होतो आणि बहुतेक स्थापत्य प्रश्नांत तो गाळूनच आकडेमोड केली जाते. एका बाजूला तो धरायचा आणि दुसऱ्या बाजूला विसरायचा, ही परीक्षार्थींची नेहमीची चूक आहे.

या नियमाला आणखी दोन गोष्टी जोडल्या की स्थिर पाण्याचे जवळजवळ सर्व प्रश्न हाताळता येतात. पहिली अशी, की एखाद्या बिंदूवरचा दाब सर्व दिशांना सारखाच असतो, म्हणजे पाणी खाली जितके रेटते तितकेच आडवे आणि तितकेच वरही रेटते. दुसरी अशी, की स्थिर पाणी ज्या पृष्ठभागाला टेकते त्या पृष्ठभागाला ते नेहमी काटकोनातच ढकलते, कारण पृष्ठभागाला समांतर असे बल पेलण्याची ताकद स्थिर द्रवात नसते. एवढी सामग्री हातात आल्यावर खरे काम उरते ते पाणी कोणकोणत्या पृष्ठभागांना टेकले आहे हे शोधून काढण्याचे, आणि धरणांच्या इतिहासातील मोठ्या चुका गुणाकार-भागाकारात झाल्या नसून या शोधात एखादा पृष्ठभाग नजरेतून सुटल्यामुळे झाल्या आहेत.

सर्वांत साधा प्रश्न उभ्या भिंतीचा. ३० मीटर उंच भिंतीमागे काठोकाठ पाणी आहे असे धरले, तर पृष्ठभागाशी दाब शून्य, तळाशी दर चौरस मीटरला ३० टन आणि मधल्या भागात तो खोलीच्या प्रमाणात सरळ रेषेने वाढत गेलेला असतो. कागदावर ही वाढ काढली की त्रिकोण तयार होतो आणि त्या दाबत्रिकोणाचे क्षेत्रफळ, म्हणजे ३० गुणिले ३० भागिले २, हेच भिंतीच्या दर मीटर लांबीवरचे एकूण बल असते: ४५० टन. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य पायापासून एक तृतीयांश उंचीवर असल्यामुळे हे सारे बल तळापासून १० मीटरवर एकवटले आहे असे मानता येते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की उंची दुप्पट झाली तर बल चौपट होते आणि भिंतीला उलथू पाहणारा परिणाम, ज्याला परिबल म्हणतात, तो आठपट होतो. शंभर मीटर खोल पाण्याचे बल दर मीटर लांबीला ५००० टन भरते. पायापासून सुमारे १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला एवढा अवाढव्य देह का लागला, याचा उलगडा यातून होतो.

भिंतीऐवजी पाण्यात बुडालेले द्वार असेल तर प्रश्न थोडा रंगतदार होतो. २ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असे उभे आयताकृती द्वार असून त्याची वरची कड पाण्याच्या पृष्ठभागाखाली ४ मीटरवर आहे असे समजू. द्वाराच्या गुरुत्वमध्याची खोली साडेपाच मीटर, क्षेत्रफळ ६ चौरस मीटर, म्हणून एकूण बल ३३ टन. हे बल मात्र गुरुत्वमध्यातून जात नाही. खालच्या अर्ध्या भागावर दाब जास्त असल्याने ते थोडे खाली सरकते आणि ज्या बिंदूतून ते जाते त्याला दाबकेंद्र म्हणतात. किती खाली, हे काढण्यासाठी द्वाराच्या आकाराचे क्षेत्र-जडत्व म्हणजे आडव्या मध्यरेषेभोवती क्षेत्रफळ कसे पसरले आहे याचे माप, जे या द्वारासाठी ४.५ येते, त्याला क्षेत्रफळ आणि गुरुत्वमध्याची खोली यांच्या गुणाकाराने भागावे लागते. उत्तर येते सुमारे १४ सेंटिमीटर. हेच द्वार पृष्ठभागालगत असते तर हा फरक अर्ध्या मीटरचा झाला असता. द्वार जितके खोल तितके दाबकेंद्र गुरुत्वमध्याच्या जवळ येते, कारण मोठ्या खोलीवर वरच्या आणि खालच्या कडेच्या दाबांतील तफावत एकूण दाबाच्या मानाने किरकोळ ठरते. बिजागर कुठे बसवायचे, आडव्या तुळया कोणत्या अंतरावर लावायच्या, हे या बिंदूवर ठरते.

असे सपाट द्वार खाचेतून वर उचलायचे तर ३३ टनांचा रेटा त्याला खाचेवर दाबून धरतो आणि घर्षणाचा गुणक ०.३ धरला तरी द्वाराच्या वजनाशिवाय सुमारे १० टन जादा ओढ लागते. मोठ्या सांडव्यांवर म्हणूनच वर्तुळाच्या कमानीसारखी द्वारे बसवतात. वक्र पृष्ठभागाच्या प्रश्नात बलाचे आडवे आणि उभे असे दोन भाग पाडतात. आडवा भाग हा त्या वक्राच्या उभ्या सावलीवर, म्हणजे समोरून दिसणाऱ्या सपाट आकारावर पडणाऱ्या बलाइतका असतो आणि उभा भाग हा वक्र आणि जलपृष्ठ यांच्यामधल्या खऱ्या किंवा कल्पिलेल्या पाण्याच्या वजनाइतका असतो. कमान वर्तुळाची असल्यास आकडेमोड न करताही एक मोठा निष्कर्ष हाती येतो: पाणी प्रत्येक बिंदूवर काटकोनात ढकलते, वर्तुळाला काटकोनात असलेली रेषा केंद्रातूनच जाते, म्हणून सर्व बलांची बेरीजही केंद्रातून जाते. द्वाराचा आस नेमका त्या केंद्रावर ठेवला तर पाण्याचा सारा रेटा आसात जिरतो आणि उचलणाऱ्या यंत्राला द्वाराचे वजन आणि आस व कडांच्या रबरी पट्ट्यांचे घर्षण एवढेच पेलावे लागते. कोयनेचे सहा वक्र दरवाजे काही फुटांनी उचलल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात, त्यामागची भूमिती ही आहे. जलस्थितिशास्त्रातील इतकी देखणी युक्ती क्वचितच सापडेल.

दगडी किंवा काँक्रीटचे वजनी धरण, म्हणजे केवळ स्वतःच्या वजनाच्या जोरावर पाण्याला तोंड देणारे धरण, हा या शास्त्राचा सर्वांत मोठा प्रश्न. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशी धरणे अंदाजाने बांधली जात. १८५३ साली साझिली या फ्रेंच अभियंत्याने भिंतीच्या दोन्ही बाजूंवरील दगडकामावर पडणारा भार ठरावीक मर्यादेत राहील असा छेद गणिताने काढण्याची पद्धत मांडली. त्यानंतरचा मोठा टप्पा मुंबईशी निगडित आहे. मुंबई महापालिकेचे अभियंते कॅप्टन टलक यांनी शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधायच्या दगडी धरणाविषयी ग्लासगो विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम रँकिन यांचा सल्ला मागितला आणि त्याला उत्तर म्हणून रँकिन यांनी लिहिलेला अहवाल १८७२ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. दगडकाम आणि चुना दाब सोसतात पण ताण सोसत नाहीत, तेव्हा भिंतीच्या कोणत्याही आडव्या छेदावर ताण निर्माण होऊ द्यायचा नाही, हे तत्त्व त्या अहवालाने अभियंत्यांच्या मनावर ठसवले. त्याचा व्यावहारिक नियम असा, की पाण्याचा आडवा रेटा आणि भिंतीचे वजन यांची बेरीज करून येणारे बल त्या छेदाच्या मधल्या तिसऱ्या हिश्शातूनच गेले पाहिजे.

हा नियम ३० मीटरच्या भिंतीला लावून पाहता येतो. पाण्याकडची बाजू उभी आणि दुसरी बाजू उतरती असा काटकोन त्रिकोणी छेद घेतला आणि बांधकाम पाण्याच्या २.४ पट जड धरले, तर पायाच्या रुंदीचा वर्ग गुणिले २.४ हा उंचीच्या वर्गाइतका यावा लागतो. त्यातून रुंदी निघते १९.४ मीटर, म्हणजे उंचीच्या सुमारे ६५ टक्के. आकडेमोड निर्दोष आहे, तरीही असे धरण बांधणे धोक्याचे आहे.

त्याची किंमत पूर्व फ्रान्समध्ये एपिनाल शहराजवळच्या बूझे गावाने मोजली. तेथील सुमारे २२ मीटर उंचीचे दगडी धरण १८८१ साली पुरे झाले. १८८४ मध्ये पाणी भरत असताना त्याचा मोठा भाग पायावर सुमारे एक फूट पुढे सरकला. डागडुजी करून पाया भक्कम केला गेला आणि जलाशय पुन्हा भरण्यात आला. २७ एप्रिल १८९५ रोजी भिंतीचा वरचा भाग आडव्या छेदावर तुटून वाहून गेला आणि ऐंशीहून अधिक माणसे बुडाली. भिंत त्या काळच्या मानाने बारीक होती हे खरे, पण फ्रेंच गणितज्ञ मोरिस लेव्ही यांनी त्याच वर्षी दाखवून दिलेले कारण त्याहून खोलवरचे होते. दगडकामाच्या भेगांत आणि पायाखालच्या खडकाच्या फटींत शिरलेले पाणीही स्थिर पाणीच असते, त्यालाही जलाशयाच्या उंचीइतकाच दाब असतो आणि दाब सर्व दिशांना सारखा असल्याने ते भिंतीला खालून वर उचलते. पाण्याने टेकलेला हा पृष्ठभाग भिंतीच्या आत आणि खाली लपलेला असल्याने साझिली आणि रँकिन या दोघांच्याही गणितात आला नव्हता. या वर रेटणाऱ्या दाबाला उत्थापक दाब म्हणतात. अभियंत्यांच्या बोलण्यात तो बहुधा अपलिफ्ट याच नावाने येतो.

पायाखाली पाण्याकडच्या कडेला दाब पूर्ण ३० टन आणि तो सरळ रेषेने कमी होत दुसऱ्या कडेला शून्य होतो असे धरले, तर वरचेच गणित पुन्हा मांडताना २.४ च्या जागी २.४ वजा १, म्हणजे १.४ येते, जणू भिंत पाण्यात बुडाल्यामुळे हलकी झाली आहे. रुंदी होते २५.४ मीटर. एक पृष्ठभाग मोजायचा राहिल्याची किंमत सहा मीटर रुंदी, म्हणजे बांधकामात सुमारे ३१ टक्के वाढ. वेल्समधील व्हर्नवी धरणाच्या अभियंत्यांनी बूझेच्या दुर्घटनेआधीच पायातील पाणी काढून टाकणारे बोगदे ठेवले होते, यावरून हा धोका कोणालाच ठाऊक नव्हता असे म्हणता येत नाही. तो हिशेबाच्या कागदावर आलेला नव्हता, एवढेच.

घसरण्याचा प्रश्न तर आणखी कडक आहे. वरच्या २५.४ मीटर रुंदीच्या भिंतीचे दर मीटर लांबीचे वजन सुमारे ९१४ टन आणि पूर्ण उत्थापक बल ३८१ टन; म्हणजे पायावर प्रत्यक्ष टेकणारे वजन ५३३ टन उरते. ४५० टनांचा आडवा रेटा थोपवण्यासाठी घर्षणाचा गुणक ०.८४ हून अधिक लागेल. खडक आणि काँक्रीट यांमधले घर्षण एकट्याने भरवशाने एवढे मिळत नाही. त्यामुळे खडकाशी झालेल्या पक्क्या जोडाची ताकदही हिशेबात धरावी लागते आणि पायाचा खडक फोडून, घासून, धुऊन खडबडीत करण्यावर बांधकामाच्या वेळी इतका भर दिला जातो.

पण भिंत जाड करत बसण्यापेक्षा खालचा दाबच कमी करणे स्वस्त पडते. पाण्याकडच्या कडेजवळ खडकात खोल छिद्रे पाडून त्यांत दाबाने सिमेंटचे पाणी भरतात, ज्याला ग्राउटिंग म्हणतात, आणि त्याच्या लगेच मागे निचऱ्याच्या छिद्रांची रांग ठेवून तिचे पाणी भिंतीच्या पोटातील गॅलरीत आणून सोडतात. वजनी धरणांच्या संकल्पनासाठी असलेले भारतीय मानक ६५१२ असा निचरा चालू असेल तर त्या रांगेशी उत्थापक दाब एक तृतीयांशावर आला असे धरू देते. २५ मीटर रुंदीच्या भिंतीत ही रांग कडेपासून ३ मीटरवर घेतली तर तेथे दाब ३० वरून १० टनांवर येतो आणि एकूण उत्थापक बल ३७५ टनांऐवजी १७० टन भरते. ९०० टन वजनाच्या भिंतीचे पायावर टेकणारे वजन ५२५ वरून ७३० टनांवर जाते आणि लागणारा घर्षणाचा गुणक ०.८६ वरून ०.६२ वर उतरतो. काही बोटे व्यासाच्या छिद्रांनी दर मीटर लांबीला २०५ टनांचे काम केले. ही छिद्रे मात्र पाझरणाऱ्या पाण्यातील चुन्याने हळूहळू बुजत जातात आणि बुजली की भिंत बाहेरून जशीच्या तशी दिसत असताना ते २०५ टन परत येतात. म्हणून गॅलरीतील दाबमापक नळ्यांच्या नोंदी ठेवणे आणि छिद्रे पुन्हा खोदून मोकळी करणे हे धरणाच्या देखभालीतील नीरस पण टाळता न येणारे काम आहे.

या सगळ्या गणितात पाणी थांबलेले आहे असे गृहीत धरलेले असते, हे विसरून चालत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात धरणाच्या वरच्या भागात, जेथे कोरड्या बाजूचा उतार बदलतो त्या पातळीजवळ, आडव्या भेगा पडल्या. हलणारी भिंत आणि तिच्याबरोबर हेलकावणारे पाणी यांचा हिशेब वेगळ्या शास्त्राचा आहे आणि तो स्थिर दाबावर अधिकचा म्हणून मांडावा लागतो.

लपलेल्या पृष्ठभागाची गोष्ट धरणांपुरती नाही. शहरांतील इमारतींखाली पुरलेल्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या टाक्या तिचे रोजचे उदाहरण आहेत. बाहेरून ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशी काँक्रीटची टाकी, तिचा तळ, भिंती आणि माथा पाव मीटर जाड, आणि माथा जमिनीच्या बरोबरीला असे धरले तर तिच्यात सुमारे २४ घनमीटर काँक्रीट बसते आणि तिचे वजन ६० टन भरते. भूजल जमिनीच्या पातळीपर्यंत चढले तर टाकी ७२ घनमीटर पाण्याची जागा अडवते, म्हणून खालून ७२ टनांचा रेटा येतो. टाकी भरलेली असेपर्यंत काही होत नाही. साफसफाईसाठी ती रिकामी केली की ती तरंगू लागते आणि जोडलेले नळ मोडून एका बाजूने वर येते. उपाय कठीण नाहीत. तळाचा काँक्रीटचा थर चारी बाजूंनी अर्धा मीटर बाहेर काढला तर त्यावर बसणारी माती पाण्यात बुडूनही सुमारे २७ टनांचा आधार देते, वाढीव काँक्रीटचे निव्वळ वजन आणखी चारेक टन भरते आणि ७२ टनांच्या विरुद्ध ९१ टन उभे राहतात. पाण्याच्या टाक्यांसाठीचे भारतीय मानक मागते ती १.२ पटीची सुरक्षितता त्यात मिळते. अडचण येते ती भूजलाच्या पातळीच्या गृहीतकात. पायाची चाचणी बहुतेक वेळा उन्हाळ्यात, बांधकामाच्या सोयीच्या दिवसांत होते, खड्डा तळापर्यंत कोरडा निघतो आणि अहवालात भूजल आढळले नाही अशी नोंद होते. काळ्या मातीत किंवा मुरमात खणलेल्या त्याच खड्ड्याच्या भोवतीची मोकळी भर ऑगस्टमध्ये पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरते, कारण खालच्या कठीण खडकातून ते पाणी लवकर बाहेर जाऊ शकत नाही. पाणी जमिनीच्या पातळीला धरूनच रिकाम्या टाकीचा हिशेब करणे, मग चाचणीच्या अहवालात काहीही लिहिलेले असो, हा अनुभवी संकल्पकांचा रिवाज त्यातूनच आला आहे.